ठेच्यातली गोळी

दिनेश सलाइन उपटून दाराकडे निघाला होता. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, तीन वेळा उलटी झालेली. "मले सोडा! माहा इलाज मी करतो!"

अकोल्यातला माझा दवाखाना, सकाळची ओपीडी. त्याची बायको रंजना रडत म्हणाली, "डॉक्टर, भाकर खाल्ली अन् अर्ध्या घंट्यात असं झालं!"

दिनेश बाळापूरचा. वरूडहून संत्र्याचा ट्रक घेऊन जायचा. ब्राउन शुगर सोडून पाच महिने झाले होते. ती परत सुरू होऊ नये म्हणून मी त्याला नालट्रेक्सोन देत होतो. ही गोळी मेंदूत नशेची जागा आधीच अडवते, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तशी. मग नशा केली तरी चढत नाही. पण नशा आधीच बसलेली असेल, तर ही गोळी तिला कॉलर धरून उठवते. तेव्हा माणसाचे असे हाल होतात.

"दिनेश, परत सुरू केलंस?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस?" रंजना किंचाळली. "अन् मले बोलले नाई?"

दिनेश तिच्यावर खेकसला, "अन् गोळी तर मी बंद केली होती. आज आली कुठून?"

रंजना म्हणाली, "तुमी खात नव्हते, म्हनून आज ठेच्यात वाटून देली. कडू लागत नाई."

"काहून?" मी ओरडलोच.

"तुमीच म्हनले होते ना, कसंही करून गोळी पोटात गेली पाह्यजे!"

म्हणालो होतो. ओपीडीच्या घाईत, तिच्याकडेच पाहून. दिनेश बाजूला बसलेला होता, त्याला मी विचारलंही नव्हतं. तो असाच बाहेर गेला असता, तर त्रास थांबवायला भरमसाट नशा केली असती आणि श्वास बंद पडून मेला असता.

मी दारात आडवा उभा राहिलो. "चूक माझी आहे, दिनेश. तिची नाही. मला माफ कर, पण आज इथून जाऊ नकोस."

तो शिवी हासडून खाटेवर बसला. नर्सने पुन्हा सलाइन लावलं.

दुसऱ्या दिवशी उतार पडला. दहा-बारा दिवस त्याला वॉर्डातच ठेवलं, लघवी तपासली, मग त्यालाच विचारलं, "गोळी सुरू करायची का?"

"करा. पन माह्या हातात द्या, हिच्यासमोर खाईन." मग रंजनाकडे न बघता म्हणाला, "अन् ठेचा आता मीच वाटीन."

गोळी चालू आहे. ठेचा अजूनही तोच वाटतो. 'कसंही करून' हे शब्द मी तोंडातून काढत नाही.