वच्छलाबाईंनी न सांगितलेलं नाव

वच्छला घोडके मूळच्या मोहोळ तालुक्यातल्या. नवरा वारल्यावर सोलापुरात आल्या आणि एका सराफाच्या दुकानात कॅमेऱ्यांच्या खोलीत बसायला लागल्या. गिऱ्हाइकांचे हात बघायचे, एवढंच काम. अकरा वर्षं हात बघून त्यांना माणसं कळायला लागली. मग नवी पेठेत एका जिन्यावर खोली घेऊन त्यांनी 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. येणारी कामं बहुतेक सोयरिकीची. मुलगा पितो का, नोकरी सांगतात तीच आहे का, आधी कुठं मोडलंय का.

त्यामुळं होटगी रोडवरच्या वीरभद्रप्पांचा फोन आला तेव्हा त्या जरा बावरल्याच. टॉवेलचे मोठे व्यापारी, गावातल्या प्रत्येक समारंभात पहिल्या रांगेत. नातवाच्या बारशात त्यांच्या पत्नीनं, रत्नम्मांनी, पाचूचा हार घातला होता. आठ दिवसांनी वीरभद्रप्पांनी तो बँकेत ठेवायला म्हणून डबी उघडली, तर ती रिकामी.

"पोलीस नकोत," वीरभद्रप्पा म्हणाले. "पेपरात नाव नको. घेतलाय कुणी ते आम्हाला माहीतच आहे. तुम्ही फक्त तिच्याकडून कबूल करून घ्या."

ती म्हणजे सुंदरम्मा. तीस वर्षं त्या घरात कामाला. घरातली सगळी पोरं तिच्याच पायावर न्हाऊन मोठी झालेली. वच्छलाबाईंनी तिला समोर बसवलं. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते.

"मी घेतलं न्हाय," ती म्हणाली. आणि उठून भांड्यांकडं गेली.

बाईंचा तिच्यावर विश्वास बसला. म्हणूनच समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात जे दिसलं ते त्यांनी तीनदा मागं नेऊन बघितलं. बारशानंतरच्या सोमवारी सकाळी अकराला सुंदरम्मा जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडली, कोपऱ्यावर रिक्षात बसली आणि दुपारी हात हलवत परत आली. त्या घरातून दुपारचा डबा कुणालाच जात नव्हता.

कोपऱ्यावरच्या स्टँडवर सिद्धू रिक्षावाला भेटला. "मावशी व्हय? दवाखान्यात सोडलं की. किडनीच्या मोठ्या दवाखान्यात."

दवाखान्यात वच्छलाबाईंनी सोमवारी डबा घेऊन आलेल्या मावशीची चौकशी केली, तर नर्सनं दुसऱ्या मजल्यावरच्या बाकाकडं बोट केलं; तिथं काव्या बसली होती. वीरभद्रप्पांची धाकटी मुलगी. पाच वर्षांपूर्वी अकलूजच्या अभिमन्यूशी, जातीबाहेर, लग्न केलं म्हणून तिचं नाव त्या घरात निघत नव्हतं. त्या घराच्या भिंतीवरच्या फोटोंत ती कुठंच नव्हती. आत अभिमन्यू पडून होता. त्याची आई त्याला किडनी देणार होती आणि ऑपरेशन दहा दिवसांवर आलं होतं.

वच्छलाबाईंनी हाराचं नाव काढताच काव्या उठून उभी राहिली. "चोरीचा नाही तो. आईला तिच्या माहेरनं आलेला. तिनंच पाठवला, डब्यात भाकरीखाली घालून. ऑपरेशनच्या पैशासाठी मोडला मी तो. तिकडं काही झालंय का?"

आतून नर्सनं हाक मारली आणि काव्या धावली. वच्छलाबाईंनी तिची बाकावर राहिलेली पिशवी शेजारच्या बाईकडं दिली. त्या खाली उतरल्या.

रत्नम्मा देवघरात होत्या. वच्छलाबाईंनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

रत्नम्मांनी त्यांचा हात घट्ट धरला. "बाई, ह्यांना कळलं तर माझं बाहेर पडणं बंद करतील. दवाखान्यात जाऊन पोरीचा अपमान करतील. तेवढं ऑपरेशन होऊ द्या. मग मीच सांगते."

"तोवर सुंदरम्माचं काय, अक्का?"

रत्नम्मा रडायला लागल्या. 

वच्छलाबाई सुंदरम्माच्या घरी गेल्या. ती दारात ज्वारी निवडत होती.

"मावशी, मला सगळं कळलंय. तुमी का बोलत न्हाय?"

"अक्कांना शबूद दिलाय मी."

"तुमच्यावर चोरीचा आळ येतोय की हो!"

"येऊ दे. काव्याला पहिलं पाणी मी घातलंय. तिचा नवरा उठून बसू दे." मग तिनं सूप खाली ठेवलं. "तुमीबी बोलू नका, बाई. बोलला तर माझं गप बसणं वाया जाईल."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई वीरभद्रप्पांसमोर बसल्या. "सुंदरम्मानं चोरी केलेली नाही. हे मी लिहून देते."

"मग कुणी केली?"

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे सापडलं नाही, असं म्हणा की सरळ!"

रत्नम्मा स्वतः चहा घेऊन आल्या होत्या. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. रत्नम्मांनी कप ठेवले, पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या. वच्छलाबाईंच्या जिभेवर काव्याचं नाव आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. सुंदरम्माला त्याच दिवशी काढून टाकलं. आठवड्याभरात त्या रस्त्यावरची आणखी दोन घरं तिला बंद झाली.

ऑपरेशन झालं. अभिमन्यू बरा होऊन अकलूजला गेला. वच्छलाबाईंनी रत्नम्मांना फोन केला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "जरा थांबा, ह्यांचं बीपी वाढलंय." त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. सुंदरम्मा आता पहाटे चिंचोळी एमआयडीसीला जाते, एका कारखान्यात डबे धुवायला. वच्छलाबाईंनी तिला दोन-तीन ठिकाणी घरकाम बघून दिलं, पण चार दिवसांत कुणीतरी मालकिणीच्या कानावर घालायचं आणि काम सुटायचं.

वीरभद्रप्पा चारचौघांत 'आमच्या घरचं बाईंनी गुपचूप मिटवलं' असं सांगायचे, त्यामुळं वच्छलाबाईंकडं मात्र मोठ्या घरांतले लोक यायला लागले. परवा एका लग्नात भरजरी साडीतल्या एक बाई त्यांना शोधत आल्या. "वीरभद्रप्पांची ती मोलकरीण पकडून दिली, ती तुम्हीच ना? किती कौतुक करतात ते तुमचं!"

"मी कुणाला पकडून दिलं नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या बाईनं काही घेतलेलंच नव्हतं."

"असू दे, असू दे," बाई हसल्या. "तुमच्या धंद्यात असंच बोलावं लागतं, कळतं आम्हाला." आणि त्यांनी मोबाईल काढून वच्छलाबाईंचा नंबर मागितला.