विमानाचं ओलं पोट

माझ्या संसाराची पहिली वर्षं विमानाच्या पोटाखाली गेली, असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. संस्थानं विलीन होत होती त्या दिवसांत कुठल्याशा राजाच्या शेडमधलं विमानाचं इंजिन विकायला निघालं आणि आमच्या ह्यांनी ते आणलं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून त्यांनी दोघांपुरतं विमान बांधलं आणि चांदनी गावाजवळच्या पडीक शेतातून उडवायला लागले.

इंजिनाला श्वास सोडायला एक नळी होती, ती पोटाखाली उघडायची. प्रत्येक उड्डाणात ती तेल ओकायची आणि त्यावर शेतातली काळी धूळ बसायची. मग मी पदर खोचून, उताणी पडून, रॉकेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्याने ते पोट पुसायची. जीव वैतागायचा. पण मला एकदा वर जाऊन तापी बघायची होती, आणि ह्यांचं एकच पालुपद: "इंजिनाच्या रिंगा झिजल्यात, म्हणून तेल ओकतं. पोट कोरडं राहीपर्यंत दुसरं माणूस बसवणार नाही."

नळी लांब केली, तिरपी कापली, मध्ये डबाही बसवला. डबा भरून वाहायचा. शेवटी विमान विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सासूबाई उड्डाणाआधी छकड्यातून शेतावर यायच्या आणि स्वतःच्या हाताने इंजिनात तेल घालायच्या, तेल मोजायच्या पट्टीवरच्या अगदी वरच्या खुणेपर्यंत. "आपल्या घरातून कोणी आधं पेट सफरला निघत नाही," म्हणायच्या. दसऱ्याला शेतातल्या पाण्याच्या इंजिनालाही त्या असंच भरवायच्या, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग त्या बहिणीकडे देडतलाईला गेल्या. तेल न घालताच हे दोनदा उडून आले. मी बोळा घेऊन खाली सरकले तर पोट स्वच्छ! पट्टी काढून बघितली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं खाली होतं, आणि ह्यांनी उडण्याआधी पाहिलं होतं तिथून हललंच नव्हतं. इंजिन चांगलं होतं, जास्तीचं तेवढं बाहेर टाकत होतं. हे हसत सुटले, मला मात्र रडू आलं.

सासूबाई परतल्यावर ह्यांनी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. मुलगा वर असताना त्यांच्या हातात तेवढंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. तापी दिसली, केळीच्या बागा दिसल्या, सिंधीपुऱ्याची कौलं दिसली. मी सगळा वेळ ओरडत होते.

उतरलो तशा सासूबाई पुढे आल्या. वाकून त्यांनी विमानाच्या पोटावरून तळवा फिरवला आणि निरखून पाहिला.

"सूखं आहे," त्या म्हणाल्या. मग मला बाजूला सारून त्यांनी लुगडं सावरलं.

"चल, मला बसव. रोज कुठं जातो तू, मला बी पाहू दे."