‘रु’ची वही

माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन, खडू आणि टेप यांच्याखाली एक वही आहे. तिच्यात अकरा जपानी गाणी देवनागरीत लिहिलेली आहेत आणि अकराही गाण्यांची नावं ‘रु’ने सुरू होतात. मला जपानी येत नाही. दहिवलीत ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला ते यायचं काही कारणही नाही. पण ही गाणी मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन, आणि त्याचा मला भारी गर्व होता. त्या गर्वाचं काय झालं ते सांगते.

आधी हे कबूल करते की भेंड्यांमध्ये मी फार दुष्ट आहे. हळदीच्या मांडवात, सहलीच्या गाडीत, कुठेही गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या की समोरच्यांना घाम फोडल्याशिवाय मी उठत नाही. माझी रीत साधी आहे. सगळ्यांना जड जाणारं एक अक्षर धरायचं, त्या अक्षरावर संपणारी गाणी साठवून ठेवायची आणि एकामागून एक तेच अक्षर समोर टाकत राहायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला समोरच्या बायका एकमेकींची तोंडं बघायला लागतात. माझ्या मुलीने माझ्या मांडीवर बसून अशा कितीतरी पलटणी गारद होताना पाहिल्या आहेत.

ही मुलगी नर्सिंग शिकली, मग जपानी शिकली आणि जपानातल्या एका लहान गावात, वृद्धाश्रमात कामाला गेली. पहिले दोन महिने ती फोनवर फक्त ‘बरं हाय’ एवढंच म्हणायची. अशा ‘बरं हाय’चा अर्थ आईला कळतो. मग एकदा तिच्या आवाजात जरा जान आली. तिथे एक आजी होत्या, पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या. कुणाशी फारसं बोलत नसत, पण रोज चहाच्या वेळी अर्धं संत्रं सोलून हिच्यासाठी बाजूला ठेवायच्या आणि ही ते खाईपर्यंत बघत बसायच्या.

‘आई, इथं कोणीतरी माझी वाट बघतं गं,’ मुलगी म्हणाली, तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली. इतके दिवस छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उठलं.

दर शुक्रवारी दुपारी तिथे सगळे म्हातारे मिळून गाण्यांचा खेळ खेळत. तिने तो समजावला आणि मला हसूच आलं, कारण त्या आमच्या भेंड्याच होत्या. फरक इतकाच की तिथे गाण्याचं नाव धरतात. एका गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल, त्याच अक्षराने नाव सुरू होणारं दुसरं गाणं म्हणायचं. आजी या खेळातल्या दादा होत्या. माझी मुलगी पहिल्याच फेरीत गप्प व्हायची आणि सगळे कौतुकाने हसायचे.

ते कौतुक मला झोंबलं. भेंड्यांत माझ्या मुलीचं हसं व्हावं, हे काही मला पटेना.

‘तिकडं अवघड अक्षर कोणतं गं?’ मी विचारलं.

‘रु. त्याच्यावर संपणारी नावं ढीगभर हायत, पण त्यानं सुरू होणारी मिळतच नायत.’

मला आणखी काय हवं होतं? पुढचा दीड महिना मी ब्लाऊज कमी आणि ‘रु’ जास्त शिवले. मुलगी तिकडून गाणी शोधून पाठवायची. मी मशीन चालवता चालवता ऐकायची, ओळ न् ओळ वहीत उतरवायची आणि फोनवर तिच्याकडून घोटून घ्यायची. एकटीने पाठ होत नाही, पाठ करायला दोघी लागतात, असं माझं मत आहे. गिऱ्हाईक बायका दाराशी थांबून कान द्यायच्या. एकीने तर ही कुठल्या देवीची आरती म्हणून विचारलं. नवऱ्याचा टेंपो आहे, तो शिळफाट्याच्या खेपा मारून संध्याकाळी घरी यायचा आणि म्हणायचा, ‘तुझं जपान झालं की माझ्या शर्टाला बटण लाव.’

‘रु’ची गाणी अकराच निघाली. बहुतेक नवीन होती. एकच जुनं होतं, घरापासून लांब भटकणाऱ्या माणसाचं, आणि त्याची चाल मला सगळ्यात आवडायची. ‘रु’वर संपणारी नावं मात्र दोन पानं भरून झाली. ती समोर टाकायला.

मग तो शुक्रवार आला. मुलीने आईचं नाव राखलं. तिने ‘रु’ टाकला, आजींनी उत्तर दिलं. परत टाकला, परत उत्तर आलं. तिसऱ्यांदा आजी थांबल्या. ओठ हलले, गाणं काही आलं नाही. माझ्या मुलीने माझ्यासारखीच एक ते दहा बोटं उघडून मोजली आणि भेंडी चढवली. इकडे मी शिरा केला आणि शेजारी वाटला.

पुढच्या शुक्रवारी आजी खेळायला आल्या नाहीत. चहालाही नाहीत. आणखी आठवडाभराने मुलीचा फोन आला तो रडतच.

‘आजी खोलीतनं बाहेर येत नायत. मी ताट घेऊन गेले की भिंतीकडं तोंड करतात. मी काय केलं गं आई? मला नाय ऱ्हायचं इथं, मी परत येते.’

हुंदके थांबल्यावर तिने जे सांगितलं ते मी आधीच विचारायला हवं होतं. तिथे कुणी जिंकायला खेळतच नव्हतं. कुणी अडलं की शेजारचा हळूच आठवण करून देई, म्हणजे खेळ चहापर्यंत चालावा. त्यात आमच्या पोरीने जाऊन, ज्या बाईने आयुष्यभर गाणं शिकवलं, तिला सगळ्यांसमोर गाणं आठवत नाही हे बोटं मोजून दाखवलं होतं.

आधी मला आजींचाच राग आला. मग माझा आला, आणि तो काही केल्या जाईना. पोरीला तिकडे मिळालेलं एकुलतं एक माणूस मी दहिवलीत बसून घालवलं होतं.

जेवताना नवरा म्हणाला, ‘लग्नानंतर पयल्यांदा जत्रंला गेलो, आठवतंय का? टेंपो मीच चालवत होतो. मागं सासवा एकीकडं, नव्या सुना एकीकडं. तू ‘ठ’वर अडलीस.’

‘अडले नव्हते. मी म्हटलं होतं गाणं.’

‘म्हटलंस. पण तुझा पदर नीट करायच्या निमतानं आयनं ते तुझ्या कानात सांगितलं. आरशात दिसलं मला. आय तर समोरच्या बाजूची व्हती.’

मी घास खाली ठेवला. सासूबाईंनी तेव्हा त्यांच्या बाजूच्या बायकांची बोलणी खाल्ली होती. ‘नवीन हाय ती,’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी त्या दिवसातलं फक्त आम्ही सुना जिंकलो एवढंच लक्षात ठेवलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मुलगी एक संत्रं घेऊन आजींच्या खोलीत गेली. जमिनीवर बसून तिने ते जुनं, भटक्या माणसाचं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. थांबायचं असं आमचं ठरलंच होतं. आजींनी भिंतीकडे बघतच पुढची ओळ म्हटली. मग एकदम वळल्या आणि चाल चुकीची म्हणतेस म्हणून तिला चांगल्या रागावल्या. इतकी वेडीवाकडी चाल तुला शिकवली कुणी, असं त्यांनी विचारलं.

‘आईनं,’ मुलगी म्हणाली.

म्हणून मग पुढच्या शुक्रवारी, आपल्याकडे सकाळी साडेदहा वाजता, मला व्हिडिओ कॉल आला. मशीनमध्ये एकीचा अस्तरवाला ब्लाऊज अडकलेला होता. पडद्यावर एक बारीकशी बाई, तिच्यामागे सात-आठ पांढरी डोकी आणि कडेला माझी मुलगी. आजींनी मला नीट न्याहाळलं. मग एक गाणं म्हटलं, त्याचं नाव सांगितलं आणि थांबल्या. मुलीने सांगायची गरज नव्हती. नाव ‘रु’वर संपलं होतं.

वही माझ्या मांडीवर उघडी होती. अकराच्या अकरा गाणी समोर होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हातातलं गाणं सोडून वही मिटली. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, मान हलवली.

आजींनी मागे वळून बाकीच्यांवर एक नजर टाकली. मग फोनच्या अगदी जवळ आल्या, इतक्या की पडद्यावर फक्त त्यांचे ओठ आणि हनुवटी राहिली, आणि त्या जुन्या गाण्याची पहिली ओळ हळूच गुणगुणल्या. मी त्यांच्यामागून म्हटली, त्यांच्या चालीत.

‘आई,’ मुलगी मराठीत म्हणाली, ‘तुला तर हे तोंडपाठ हाय.’

‘गप बस,’ मी म्हटलं. ‘त्यांना सांगू नको.’