दोनशे आठ घोडे

माझ्या साडूने विजेवर चालणारी गाडी घेतली आणि आमच्या घरातली शांतता गेली. मुलुंडला एका बारशाहून निघताना सिग्नलवर आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो. हिरवा लागला आणि तो कसलाही आवाज न करता पुढे निघून गेला. संध्याकाळी फोन. "काय रे, तुझा टर्बो चहा प्यायला थांबला होता का?" हा विनोद त्याने पुढे तीन लग्नांत सांगितला. माझ्या सासूबाईसुद्धा हसल्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

माझी गाडी जुनी असली तरी साधी नाही. टर्बोचं इंजिन, कारखान्यातून निघतानाच एकशे ऐंशी घोड्यांचं, म्हणजे हॉर्सपॉवरचं. गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी घाटकोपरच्या फुटपाथवर नळाचे वॉशर विकले. मी तिथूनच सुरुवात करून नळ-पाइप-पंपांचं दुकान उभं केलं आणि चाळिशीनंतर ही गाडी घेतली. तिला कोणी चहा प्यायला लावलेलं मी ऐकून घेणार नव्हतो. मी ठरवलं, घोडे वाढवायचे. अडीचशे करायचे.

मालाडच्या एका माणसाला फोन केला. मी "अडीचशे" म्हणताच तो म्हणाला, "होऊन जाईल शेठ, उद्याच आणा." मी तिथेच फोन ठेवला. पहिल्या बोलीला जो हो म्हणतो त्याचा माल खोटा, हे मी वॉशर विकताना शिकलोय.

दुसरा माणूस मरोळच्या जुन्या गावठाणातला. त्याच्या आजोबांची भातशेती होती, आता त्याच जागेवर याचं गॅरेज. तो माझ्याच वयाचा, गळ्यात क्रॉस, आणि पहिल्या मिनिटापासून अरे-तुरेवर. रविवारी सकाळी गेलो. बायको सोबत होती, कारण तिथून मुलुंडला तिच्या बहिणीकडे, म्हणजे त्याच साडूकडे, जेवायला जायचं होतं.

"किती पाहिजेत?" त्याने विचारलं.

"दोनशे ऐंशी," मी म्हणालो. अडीचशे हवे असतील तर दोनशे ऐंशीच मागायचे.

"दोनशे वीस. तेही गाडी धड असेल तर."

"दोनशे साठ."

"यार, मी घोडे सांगतोय, बोंबील नाही."

मला राग आला, पण मजाही वाटली. मग तो प्रश्न विचारायला लागला. पेट्रोल कुठलं भरतोस? मी म्हणालो, नेहमी सगळ्यात भारी, महागातलं. ऑइल? वेळच्या वेळी. क्लच? अजून नवा आहे. कधी गरम झाली? छे, नावच नको.

माल बाजारात मांडल्यावर त्याचे दोष आपण सांगायचे नसतात. तीस वर्षं मी हेच केलंय. जुना पंपसुद्धा पुसून, "हात लागलेला नाही" म्हणून ठेवायचा. तोच माल मी आता दुरुस्तीला आणलाय, विकायला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याने गाडी जमिनीतल्या मोठ्या, गोल फिरणाऱ्या रुळांवर चढवून पट्ट्यांनी बांधली. चाकं रुळांवर फिरतात, गाडी जागेवर राहते आणि इंजिनाची ताकद पडद्यावर दिसते. लॅपटॉप जोडून त्याने टर्बोचा दाब वाढवला, माझ्या भारी पेट्रोलच्या हिशोबाने. कानांवर हेडफोन लावले, त्यांची वायर इंजिनाला चिकटवलेली. पंखा सुरू केला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

गाडी गरजली. आकडा चढत गेला, एकशे नव्वद, दोनशे, आणि मी साडूचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो तोच गॅरेजवाल्याने पाय काढला.

"इकडे ये," तो म्हणाला आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. "आता हळू दाबतो. ऐक."

डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला.

"ठिणगीची आग पोचायच्या आधीच पेट्रोल आपणहून फुटतंय. हातोडीसारखं पिस्टनवर बसतंय ते. अजून एक मिनिट चालवली असती तर वाट लागली असती. हे भारी पेट्रोल नाही."

"तुझं मशीन बिघडलंय," मी ओरडलो. "माझ्या गाडीला नावं ठेवतोस?"

मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली बायको तेवढ्यात म्हणाली, "अहो, खोटं कशाला बोलता? आपण साधंच पेट्रोल भरतो. महाग पेट्रोल म्हणजे नुसती लूट, असं तुम्हीच तर म्हणता."

"तू गप्प बस गं."

"आणि कसारा घाटात दोनदा गरम झाली होती. शेवटच्या सर्व्हिसला ऑइल पुढच्या वेळी बघू म्हणालात. आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही."

"म्हणजे क्लच पण गेला," तो म्हणाला. तो हसत नव्हता, हे मला जास्त लागलं. "तुझं दुकान कसलं?"

"नळ, पंप."

"गिऱ्हाईक मोठा प्रेशर पंप मागायला आला तर तू काय विचारतोस?"

"पाइप किती जुने आहेत."

"आणि त्याने खोटं सांगितलं तर?"

अशा एका सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या भिंतीतून कारंजं उडताना मी स्वतः पाहिलंय, आणि पाइप नवे आहेत म्हणणाऱ्या तिथल्या सेक्रेटरीला मी काय काय बोललो होतो तेही मला आठवत होतं.

मग मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. कधी गरम झाली, किती वेळ, कुठला आवाज येतो, कुठलं पेट्रोल. राहिलेलं बायकोने सांगितलं. एवढं खरं मी डॉक्टरलासुद्धा सांगत नाही.

गाडी आठवडाभर त्याच्याकडे राहिली. नवा क्लच, नवे प्लग, ऑइल, रेडिएटर साफ. पुढच्या रविवारी ती पुन्हा रुळांवर चढली, आणि पुन्हा आम्हाला मुलुंडला जेवायला जायचं होतं. या वेळी दाब साध्या पेट्रोलला सोसेल एवढाच. हेडफोन मीच मागून घेतले. आत नुसती एकसारखी घरघर होती, खडे नाहीत. पडद्यावर दोनशे आठ.

"दोनशे दहा कर. गोल आकडा."

"नाही."

"म्हणजे निघतात अजून दोन?"

"अजून दहाही निघतील. पण मे महिना, एसी चालू, चार माणसं आणि घाट, त्या दिवसासाठी ते मागे ठेवलेत. ते इंजिनाचे, तुझे नाहीत."

मी बराच वेळ घासाघीस केली. आवाज चढवला, मालाडला जातो म्हणालो. त्याने किल्ली पुढे केली. "जा. पण त्याला तरी पेट्रोल खरं सांग." मी किल्ली घेतली, पण मालाडचा रस्ता धरला नाही. जो माणूस दोन घोड्यांसाठी हलत नाही, त्याच्या दोनशे आठवर माझा विश्वास बसला होता.

पवईच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. गाडीने अशी ओढ घेतली की बायकोने वरचा दांडा धरला आणि मोठ्याने हसली. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

साडू दारातच उभा होता. गाडी गॅरेजमध्ये का ठेवली ते त्याला मागच्या रविवारीच कळलं होतं. "किती झाले?"

"दोनशे आठ."

"एवढेच? माझे तीनशे आहेत."

"तुझे कंपनीतून आयते आलेत!" मी बूट काढता काढताच भडकलो. "मी माझे घासाघीस करून मिळवलेत."

"घासाघीस?" बायको आत जाता जाता म्हणाली. "घासाघीस करत होतात तेव्हा इंजिन फुटणार होतं. खरं बोललात तेव्हा मिळाले."

साडू हसला. आत जेवायला आलेल्या सासूबाईपण हसल्या. या वेळी मलाही हसू आलं, पण तो चहाचा विनोद मी त्याला माफ केलेला नाही.