विलच्या शेजारची ऑलवेज

आज उस्मानपुऱ्यात भाजी घेताना शाळेतले इंग्रजीचे सर भेटले. मी पाया पडले. माझं नाव काही त्यांना आठवेना. मग एकदम म्हणाले, "अगं, तू तर विल! तुझी ऑलवेज कुठंय?"

मंडळी, सर 'आय विल ऑलवेज कम' असलं वाक्य शिकवताना आम्हालाच त्यातले शब्द करून फळ्यापुढं उभं करायचे. मी 'विल', एक जण 'कम', आणि मधी माझी जिवलग मंगल, 'ऑलवेज'. ती कडेला सरकली की सर ओरडायचे, "मधी ये! विलचा हात सोडू नको!"

लग्नानंतर तिचा पत्ताच लागला नाही, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "ऑलवेज गेली तरी वाक्य मोडत नाय गं. लई कोरडं होतं, एवढंच."

हर्सूलची मंगल कुणाला माहितीय का? तिला सांगा, मधली जागा अजून रिकामीच आहे.