मायची धास्ती

रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की माझी माय हातातलं काम टाकून दारात यायची आणि मला हाका मारायची. मी घरातच, तिच्या पाठीमागं बसलेली असायचे. "हायस ना गं?" ती विचारायची. मी "हाय" म्हटलं तरी माझ्या दंडावरचा तिचा हात लवकर सुटत नसे.

ह्याचं कारण मला मावशीनं सांगितलं. आमचं गाव शिरूर कासारकडचं. माय लहान असताना आजा-आजी पहिल्यांदा कारखान्यावर ऊसतोडीला निघाले. थोरली मावशी कामाला उपयोगी, धाकटा मामा अंगावर पिणारा; मधल्या मायला चुलत आजीकडं ठेवायचं ठरलं. सांगितलं तर रडून गोंधळ घालील, म्हणून ती झोपेत असतानाच ट्रक भरला. सकाळी उठून तिनं पाहिलं तर चुलीत राख होती आणि घरात भांडंसुद्धा उरलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस ती बोलली नाही. पुढं दरवर्षी दसरा, म्हणजे तोडीला निघायचे दिवस, जवळ आला की तिला ताप भरायचा. शाळेत बसली की वाटायचं, आपण इथं आहोत तोवर घर रिकामं होईल. मग पाटी टाकून ती घराकडं पळायची. मास्तरांनी मारलं, घरच्यांनी देवऋषी केला. शेवटी शाळा सुटली आणि वयात येताच लग्न लावून दिलं. लग्नानं मन लागंल, असं सगळ्यांना वाटलं होतं.

मी दहावीला होते त्या वर्षी दुष्काळ पडला. गावात दूधच उरलं नाही, म्हणून दूध सोसायटीला कुलूप लागलं. माळावर जनावरांची छावणी उघडली. माय म्हशी घेऊन तिथं राहायला गेली आणि मलाही घेऊन गेली. मला घरी ठेवणं तिच्यानं झालं नसतं. चाऱ्यासाठी उसाचे ट्रक यायचे. ट्रक रिकामा होऊन फाट्याकडं वळेपर्यंत माय माझी वेणी मुठीत धरून उभी राहायची.

भूमितीच्या पेपरला खिडकीबाहेर एक ट्रक थांबला. पुढची अक्षरं दिसेनात. वाटलं, माय गेली. म्हशी सोडून ती जाणार कुठं? पण वाटलं ते खरंच वाटलं. मी उठून पळाले. फाटकापाशी बाईंनी धरलं.

"काय झालं गं?"

"माझी माय गेली."

"कुठं?"

मी हात सोडवून घेतला आणि छावणीकडं पळत सुटले.

माय छावणीत शेण भरत होती. पेपर अर्धा टाकून आलेल्या मला तिनं रागावलं नाही. शेणाची पाटी खाली ठेवली. "तुला बी?" एवढंच म्हणाली.

मी नापास झाले. घरात स्थळांचं बोलणं निघालं. वडिलांपुढं कधी न बोललेली माय त्या दिवशी बोलली, "न्हाई. माझं लगीन केलं, तवा काय भ्या गेलं व्हय?" पुढच्या परीक्षेला ती वर्गाच्या दारातून दिसेल अशी लिंबाखाली बसली. मी पास झाले.

आता मी बीडला असते. माझी मुलगी सहावीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. माय आली होती. तिनं नातीला जवळ घेतलं, "कावून दुखतंय गं?"

"मी शाळेत असताना मम्मी निघून गेली तर?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मायची गोष्ट मी तिच्यापासून लपवूनच ठेवली होती. ट्रकच्या आवाजाला मी दारातही जात नाही, फक्त माझा हात थांबतो. तेवढं तिनं पाहिलं असणार.

आम्ही तिघी मनाच्या डॉक्टरकडं गेलो. "कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी महिने आठवत होते. माय म्हणाली, "लई आधीपासून, डाक्टर. ही जन्मायच्या आधीपासून." आणि ती सकाळ तिनं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितली.

मुलगी आता नववीत आहे. बहुतेक दिवस शाळेत जाते. एखाद्या सकाळी दप्तर पाठीवर घेऊन जिन्यावरच बसून राहते आणि रिक्षा निघून जाते. अशा दिवशी ती गावाकडं आजीला फोन लावते. दोघी बराच वेळ बोलतात. काय, ते मी विचारत नाही.