काकांच्या कंपनीत की-लॉगर शोधताना

मित्र जमले की कंपनीतलं काहीतरी सांग म्हणतात. मोठी माणसं घाबरली की किस्से आपोआप साठतात, त्यामुळे कमी कधी पडत नाहीत. फक्त हे सांगताना मला हसू येत नाही, राव.

चिखलीतलं छोटं वर्कशॉप, चाकणच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारं. मालकांना सगळे काका म्हणतात. डिप्लोमा सोडल्यावर मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. फुकट मिळतं म्हणून सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स. ओळीने कोटेशनं हातची जायला लागली, दरवेळी समोरच्या कंपनीचा रेट आमच्यापेक्षा थोडासाच खाली. काका म्हणाले, "आपण टाइप केलेलं कुणीतरी वाचतंय. शोध."

*

की-लॉगर म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण गुपचूप टिपणारा प्रोग्रॅम, हे मी मॅनेजर मोरेसाहेबांना समजावलं. तेव्हापासून ते रेट टाइप करताना हातांवर नॅपकिन पसरायचे, एटीएमवर पिन झाकतात तसा. चोर मशीनच्या आत असतो म्हटल्यावर त्यांनी मॉनिटरवरही एक टाकला.

*

काकांनी सगळे पासवर्ड बदलले. कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून नवा पासवर्ड शॉपफ्लोअरवरून ओरडून सांगितला. कोटेशनचे रेटही तसेच, गेटपाशी उभं राहून, फोन स्पीकरवर टाकून. आधी फोनवर हळू बोला, असं मी म्हणालो.

"इंजिनिअर झालास की शिकव."

*

मग कीबोर्डवरची बटणं कोणकोणत्या प्रोग्रॅमकडे जातात ते मी तपासलं. ओळखीचे वगळले, एक उरला. तो वर्षाताईंच्या मशीनवर होता, मराठी टायपिंगचा. ऑफिसचं काम बघणाऱ्या वर्षाताईंनीच तो मागून घेतला होता. मी काकांना सांगितलं, बटणं वाचल्याशिवाय मराठी उमटणार कसं?

मोरेसाहेब म्हणाले, "म्हणजे वाचतो ना?"

*

दुपारी काकांनी वर्षाताईंना केबिनमध्ये बोलावलं. बाई बीडकडच्या, नवऱ्याचं काम सुटलेलं, घर त्यांच्याच पगारावर. मी मध्ये बोलायला गेलो तर शिक्षण सोडलेल्याने अक्कल शिकवू नये म्हणून मला बाहेर काढलं.

ताई पगाराचा शेवटचा हिशेब घेऊन बाहेर आल्या, डबा पिशवीत टाकला. "भाऊ, नोटीस मराठीत लावली की पोरांना कळायची. एवढंच केलं मी."

आता नोटीस इंग्रजीत लागते. पोरं मला येऊन विचारतात, काय लिहिलंय. पुढचं कोटेशनही गेलंच.

*

ताईंचं मशीन साफ करायला घेतलं. कीबोर्डची वायर जिथे सीपीयूला जोडतात, तिथे मध्ये पेनड्राइव्हच्या टोपणाएवढा एक तुकडा. वायरमधूनच बटणं टिपणारा, माझ्या कुठल्याही कमांडला न दिसणारा. त्यावर हळदकुंकवाचं बोट उमटलेलं. दसऱ्याला मशीनची पूजा काका स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मी तो काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तुकडा पाहिला, रुमालाने पुसला आणि माझ्याकडे सरकवला.

"परत लाव. नवी मुलगी सोमवारपासून येतेय."